तीन बोटांची तफावत

१

उमेंद्र रहांगडालेचा डावा हात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी साडेसहा वाजता, नहराच्या शेवटच्या जाळीत अडकलेला सापडला. तो मनगटाच्या थोडा वर, एकाच घावात तुटलेला होता. तळहातावर काळे ग्रीस होते आणि रात्रभर पाण्यात राहूनही ते गेले नव्हते. उरलेला उमेंद्र सापडला नाही.

उमेंद्र नहराचा, म्हणजे कालव्याचा, चौकीदार. गेट उघडणे, बंद करणे आणि कोणाची पाळी केव्हा हे पाहणे, एवढे त्याचे काम. जाळी होती गावापासून दोन किलोमीटर खाली, मडावींच्या टोल्यापाशी, म्हणजे वस्तीपाशी. टोल्यात घरे बारा, सगळी जंगलकाम करणाऱ्या गोंड कुटुंबांची. नहराच्या शेपटाला असल्याने त्यांच्या वाट्याला पाणी क्वचितच पोचत असे. आठवड्यापूर्वी श्यामलाल मडावी खांद्यावर कुऱ्हाड घेऊन गेटवर गेला होता आणि वीसेक लोकांसमोर म्हणाला होता, "पुन्हा आमचं पाणी तोडलंस तं तुहा हात तोडून टाकीन."

शनिवारी आठ वाजता उमेंद्रचा थोरला भाऊ हेमेंद्र चाळीस माणसे घेऊन टोल्यात शिरला. श्यामलालला अंगणात आडवे पाडून त्याच्याच कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने त्याचे दोन्ही गुडघे फोडण्यात आले. पहिल्या गुडघ्याला तीन घाव लागले, दुसऱ्याला दोन. त्याची मुलगी खुशबू दाराच्या चौकटीला धरून पाहत होती. पोलीस पोचले तेव्हा श्यामलाल शुद्धीवर नव्हता. आता तो दवाखान्यात, खाटेला बेडीने बांधलेला, खुनाचा संशयित म्हणून पडून होता.

जाताना हेमेंद्र टोल्याला उद्देशून म्हणाला, "बाकीचा भाऊ गुरुवारच्या दुपारपर्यंत दाखवा. नाई तं बाराही घरं पेटवतो."

२

ओमेश्वरी पटले गोंदियाच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत असे. हे गाव तिचे माहेर. बुधवारी सकाळी ती आली ती खुनासाठी नव्हे, मापांसाठी. माणूस गेला तरी धान थांबत नाही. पोलिसांनी गेटला सील ठोकले होते, आणि ते निघण्याआधी पाण्याच्या पाळ्या नव्याने ठरवायच्या होत्या.

इटियाडोह धरणाचे पाणी या शिवारात बांधीतून बांधीत उतरते. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, वेढलेला धानाचा सपाट तुकडा म्हणजे बांधी. तिची खरी उंची कोणालाच माहीत नसते. शेजारच्या बांधीपेक्षा ती किती बोटे वर किंवा खाली आहे, एवढे मात्र प्रत्येकाला माहीत असते. अशी मापे एकत्र करून सगळ्या शिवाराच्या उंच्या काढणारा प्रोग्राम ओमेश्वरीने पाणी वापर संस्थेसाठी लिहिला होता.

त्याची रीत साधी होती. एक बांधी शून्य धरायची. तिच्या शेजारच्या बांध्यांना मापाप्रमाणे आकडे द्यायचे आणि त्या बांध्या रांगेत उभ्या करायच्या. मग रांगेतल्या पहिलीच्या शेजाऱ्यांकडे वळायचे, त्यानंतर दुसरीच्या. आधीच आकडा मिळालेल्या बांधीपाशी दुसऱ्या वाटेने पोचलो, तर आकडा तोच निघाला पाहिजे. तसा निघाला नाही, तर सगळी मापे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

वैशाखात कोरड्या बांध्यांच्या सांडव्यांची मापे पाणी भरलेल्या नळीने घेतली होती. सत्तावीस बांध्या, एकेचाळीस मापे, आणि विसंगती एकही नाही. आता तीच मापे उभ्या पाण्यावर घ्यायची होती. रविवारी रात्रभर, पहाटेपर्यंत झालेल्या पावसाने प्रत्येक बांधी सांडव्यापर्यंत भरली. सोमवार आणि मंगळवार कोरडे गेले. त्या दोन दिवसांत ज्याने त्याने आपल्या सवडीने धुऱ्यावर उभे राहून दोन्हीकडच्या पाण्यांतला फरक बोटांत मोजला आणि तारीख-वेळेसह कागदावर लिहून दिला.

बुधवारी प्रोग्राम अर्ध्यात थांबला. पडद्यावर एकच शब्द होता, 'विसंगत', आणि त्याखाली एका बांधीचे नाव: मोहाची बांधी. ती संस्थेचे अध्यक्ष गुलाबचंद बिसेन यांची, जेमतेम अडीच गुंठ्यांची, गेटला लागून असलेली.

तेवढ्यात दारात श्यामलालची बायको दुर्पता उभी राहिली.

"बाई, तुमचं मशीन खोटं बोलणारा पकडते म्हणतात."

"खोटं बोलणारा नाही, दुर्पताबाई. न जुळणारं माप."

"मंग तेच पकडा. माह्या माणसाचे दोन्ही पाय गेले. उद्या दुपारी घर बी नसन."

"खुनातलं मला काही कळत नाही."

"मले बी गणितातलं नाई कळत. तरी माह्या धुऱ्याचं माप देलं ना तुमाले?"

ओमेश्वरीने तिला खुर्ची दिली आणि अडलेला कागद काढला. त्यावर सही हेमेंद्रची होती.

३

हेमेंद्रला संस्थेच्या खोलीत बोलावण्यात आले. फौजदार इंद्रकुमारही येऊन बसला. प्रेताशिवायचा खटला त्याला नको होता, आणि पेटलेला टोला तर त्याहून नको होता.

ओमेश्वरीने आकडे मांडले. ईश्वरदास तुरकरांची बांधी शून्य धरली. मोहाची बांधी तिच्याहून चार बोटे खाली, हे ईश्वरदासांचे माप. हेमेंद्रची बांधी मोहाच्या बरोबरीत, हे हेमेंद्रचे. म्हणजे हेमेंद्रची बांधी ईश्वरदासांच्या बांधीहून चार बोटे खाली असायला हवी. पण त्या दोन बांध्यांमध्येही धुरा होता, आणि तिथला फरक दोघांनी मिळून सात बोटे लिहिला होता. वैशाखातही सातच.

"तीन बोटांची तफावत आहे," ती म्हणाली. "वरच्या बांधीला पाण्याची पाळी आधी मिळते. आपली बांधी वर दाखवण्यात फायदा असतो."

"माझा भाऊ कापला गेला अन् तुमी बोटं मोजून राहिले?" हेमेंद्र उठून उभा राहिला. "मंगळवारी सांजच्या पाच वाजता धुऱ्यावर मी सोता उभा होतो. दोन्हीकडचं पाणी बरोबर होतं. खोटं असन तं ह्या हाताले किडे पडो!"

"वैशाखात तुमची बांधी तीन बोटं खाली होती."

"तवा होती. आता नाई. मले कायले विचारता, जमिनीले विचारा."

"पोळ्याच्या दुपारपासून उमेंद्र कोणाला दिसला नाही. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तोरणाखाली, बैलं घेऊन. पुरं गाव तेथंच होतं. पोळ्याले कोनी वावरात पाय ठेवते का?"

"आणि उमेंद्र?"

हेमेंद्र पुन्हा बसला. "त्याले कुठं बैल होते," तो हळूच म्हणाला.

तो गेल्यावर इंद्रकुमारने टोपी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम, पानी के लिए यहाँ हर आदमी झूठ बोलता है. पण भाऊ मारला, अन् नंतर पाण्याच्या कागदावर खोटं लिहिलं? इतना ठंडा आदमी नहीं है ये."

मत म्हणजे पुरावा नव्हे. ओमेश्वरीने हेमेंद्रचे माप वगळून प्रोग्राम पुन्हा चालवला. एकच माणूस खोटा असेल तर आता सगळे जुळायला हवे होते.

प्रोग्राम पुन्हा मोहाच्या बांधीपाशीच थांबला. या वेळी न जुळणारे माप दुर्पताचे होते; मोहाच्या खालची एक बांधी ती वाट्याने कसत असे.

४

ईश्वरदास तुरकर बाहत्तर वर्षांचे होते. उमेंद्र नाहीसा झाल्यापासून संस्थेची तक्रारवही तेच लिहीत. ओमेश्वरीच्या पडद्यावर बांध्या एकामागून एक रंगताना ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे तं पाण्यासारखंच चालते वो पोरी. आधी जवळचीले, मंग तिच्या शेजारनीले."

"तसंच आहे, काका. फक्त पाणी कधी अडत नाही."

"अडते. बांधी गळकी असली का सारं पाणी तेथंच खपते. म्होरं जातच नाई."

ओमेश्वरी कागदांकडे वळली. दुपारभर तिने एकेक माप वगळून पाहिले होते. एकेचाळीसपैकी कोणतेही एक काढले तरी विसंगती उरत होती. मोहाची बांधीच काढली, की उरलेली सगळी मापे तंतोतंत जुळत होती. म्हणजे दोष कोणा एका माणसात नव्हता. तिने तीन शेजाऱ्यांचे कागद वेळेच्या क्रमाने लावले. ईश्वरदास, सोमवार सकाळी सात: वैशाखाशी तफावत शून्य. दुर्पता, सोमवार संध्याकाळी पाच: एक बोट. हेमेंद्र, मंगळवार संध्याकाळी पाच: तीन बोटे.

खोटी मापे घड्याळ पाहून वाढत नाहीत.

प्रोग्रामच्या मुळाशी एक गृहीत होते, इतके उघड की तिने ते कधी लिहूनही ठेवले नव्हते: एका बांधीच्या पाण्याला एकच उंची असते. मोहाच्या बांधीला ती नव्हती. तिचे पाणी इतरांहून वेगाने, दर दहा-अकरा तासांना बोटभर उतरत होते, आणि गेटला सील असल्यामुळे ते भरून काढणे कोणालाच शक्य नव्हते. तिघांनीही आपापल्या वेळेला खरेच मोजले होते.

"काका, या आठवड्यात तक्रारी किती आल्या?"

"अकरा. कोनाच्या धुऱ्याले उंदरानं बीळ पाडलं, कोनाचं पानी शेजाऱ्यानं फोडलं. चार बोटं पानी गेलं का इथला मानूस बाप मेल्यासारखा बोंबलते."

"गुलाबचंदभाऊंची?"

ईश्वरदासांनी वही उलटसुलट चाळली. "नाई बा. एक बी नाई."

शिवारात सर्वांत जोरात गळणारी बांधी एकच होती, आणि तिचा मालक गप्प होता.

"आणखी एक. उमेंद्रच्या हाताला ग्रीस कुठलं असेल?"

म्हातारा हसला आणि लगेच त्याने डोळे पुसले. "बेटा, पोळ्याले लोक बैलाचे खांदे चोळतात. त्याले बैल नव्हते. तो दरसाल पोळ्याच्या सकाळी गेटच्या चाकाले ग्रीस लावे. म्हने, काका, माझा बैल हाच."

ते चाक टोल्यापाशी नव्हते. ते मोहाच्या बांधीपासून बारा पावलांवर होते.

५

गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता गुलाबचंद बिसेन संस्थेच्या खोलीत आले. पांढरे धोतर, हातात चिखलाने मळलेले फावडे. त्यांनी ओमेश्वरीसाठी चहा मागवला. खिडकीतून रस्ता दिसत होता. हेमेंद्रची माणसे चौकात जमू लागली होती आणि दोघांच्या हातांत रॉकेलचे डबे होते.

"तुमची मोहाची बांधी गळते आहे, भाऊ," ओमेश्वरी म्हणाली.

"असन. खेकडे लई झाले यंदा. धुऱ्याले भोकं पाडतात."

"तक्रार का केली नाही?"

"अध्यक्षानंच तक्रार करावी? लोक हसतीन." ते स्वतःच हसले. "अन् अशा टायमाले? पोराचा हात सापडला, बाई. मानुसकी हाय का नाई?"

"खेकड्याने धुरा फोडला तर पाणी खालच्या बांधीत जातं. खाली दुर्पता आणि हेमेंद्र. त्या दोघांचं पाणी मी काल संध्याकाळी स्वतः मोजलं. दोन्ही बांध्यांत ते बोटभरही वाढलेलं नाही."

गुलाबचंदांनी बशीत चहा ओतला. "मंग उन्हानं आटलं असन."

"ऊन सगळ्यांच्या बांध्यांवर पडतं. पाणी शेजारी गेलं नाही, वर गेलं नाही. राहिली एकच दिशा."

बशी भरून वाहिली तेव्हा ते थांबले. ते उठले, फावडे खांद्यावर घेतले आणि शेताच्या वाटेला लागले. ओमेश्वरीने इंद्रकुमारला फोन केला. ती बोलत असतानाच चौकातला जमाव टोल्याच्या दिशेने हलला.

६

टोल्याची वाट नहराच्या काठाने, मोहाच्या बांधीवरूनच जाते. इंद्रकुमारने दोन शिपायांसह जमाव तिथेच अडवला. समोर टोल्यातली माणसे उभी होती, हातांत दगड आणि कुऱ्हाडी घेऊन. पहिला दगड कोणी मारला ते नंतरही ठरले नाही. एका शिपायाचा कान फाटला आणि गावच्या एका म्हाताऱ्याचे दात पडले. टोल्यातल्या एका पोराला चार जण लाथा घालत होते.

"अरे, जाळण्याआधी दहा मिनटं द्या!" इंद्रकुमार ओरडला. "तुम्हारा भाई यहीं है!"

हेमेंद्रने हात वर केला. मारामारी थांबली.

ओमेश्वरी धुऱ्यावर पोचली, तेवढ्यात दुर्पता लुगडे खोचून बांधीत उतरली. गुलाबचंद पलीकडच्या धुऱ्यावर उभे होते.

"निंघ माह्या बांधीतून!"

"ह्या बांधीची रोवणी मीच केली होती, पाटील. पंधरा दिवस नाई झाले. आमी सात बाया होतो." ती वाकून एकेका ओळीवरून हात फिरवत चालली होती. "माझं रोवणं मी अंधारातही वळखीन."

या भागात चिखल पुरुष करतात आणि रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, बायका. कोणी तसा कायदा केलेला नाही, पण पुरुषाने रोप हाती धरले तर लोक हसतात. बाई मागे सरकत रोवते. तीन-चार रोपांची जुडी, बोटाच्या दोन पेरांएवढी खोल. दुर्पता गेटच्या बाजूच्या कोपऱ्यात थांबली. तिने एक जुडी उपटून उंच धरली. तिच्यात बारा रोपे होती आणि ती कोपरभर चिखलाने माखली होती.

"हे बाईचं रोवणं नाई," ती म्हणाली. "हे गड्यानं खुपसलं हाय. इथून तिथवर. एका खाटेएवढं."

गुलाबचंद बांधीत कधी उतरले ते ओमेश्वरीला दिसले नाही. फावड्याचा घाव डोक्याच्या रोखाने आला होता. दुर्पता वळल्यामुळे तो खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज धुऱ्यापर्यंत पोचला आणि पाणी लाल झाले. दुसरा घाव उचलला गेला तेवढ्यात हेमेंद्रने मागून फावड्याचा दांडा धरला.

तो क्षणभर मडावीच्या बायकोकडे, मग त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. नंतर त्याने फावडे हिसकावून गुलाबचंदांच्या तोंडावर मारले. जबडा तुटला. दुसऱ्या घावाला इंद्रकुमार आणि दोन्ही शिपाई त्याच्यावर पडले.

"छोडो मेरे को! खोदतो मी!" हेमेंद्र चिखलात पडूनच ओरडत होता.

खोदण्याचे काम त्याला करू दिले नाही. वीतभर खाली नांगराच्या तळाखालचा, बांधीचे पाणी धरून ठेवणारा कडक थर लागायला हवा होता. तो लागला नाही, फोडलेला निघाला. त्याखाली मुरूम होता आणि मुरमात उमेंद्र पालथा पडला होता. त्याची कवटी मागून उघडी झाली होती. डावा हात मनगटाच्या वरून तुटलेला होता.

हेमेंद्रने भावाला पाहिले. नंतर तो उठला, रॉकेलचे दोन्ही डबे उचलले आणि रिकाम्या नहरात फेकून दिले. त्याआधी दुर्पताला उचलून गाडीपर्यंत नेणाऱ्यांतही तो होता. गाडीत ठेवताच तिने तोंड फिरवले होते.

७

संध्याकाळी गुलाबचंद बिसेन यांनी जबाब दिला. जबडा तुटलेला असल्याने तो पाटीवर लिहून घेण्यात आला. त्यातले तथ्य असे.

पोळ्याच्या दुपारी शिवारात कोणी नसते, म्हणून ते आपली पाळी नसताना गेट फिरवून पाणी आपल्या बांध्यांत घ्यायला गेले. बैल नसल्यामुळे उमेंद्र तोरणाखाली नव्हता, गेटवर होता. त्या दुपारचे पाणी टोल्याच्या पाळीचे होते, आणि आठवड्यापूर्वीच्या भांडणानंतर या वेळी ते टोल्याला पोचलेच पाहिजे असे त्याने ठरवले होते. तसे तो बोलला. गुलाबचंद चाक फिरवू लागले. उमेंद्रने डाव्या हाताने चाक घट्ट धरले आणि सोडले नाही. गुलाबचंदांनी फावडे त्या हातावर घातले. हात नहरात पडला आणि वाहत टोल्याच्या जाळीपर्यंत गेला. उमेंद्र पळू लागला. दुसरा घाव त्याच्या डोक्यात मागून बसला.

प्रेत डुकरांनी उकरू नये म्हणून त्यांनी खड्डा खोल केला. माती भरली, चिखल तुडवला, उपटलेली रोपे परत लावली. रोवणी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. बांधी गळू लागल्याचे त्यांना सोमवारीच दिसले होते. तक्रार केली असती तर लोक गळती शोधायला आले असते.

श्यामलालची बेडी शुक्रवारी काढण्यात आली. त्याचे गुडघे पुन्हा वाकणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. हेमेंद्र आणि इतर सहा जणांवर त्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. जबाब देताना हेमेंद्रने एकही घाव नाकारला नाही.

ओमेश्वरीने प्रोग्राममध्ये एक बदल केला. मोहाच्या बांधीला एका आकड्याऐवजी वेळेनुसार उतरणारा आकडा दिला आणि रांग पुन्हा सुरू केली. ती शेवटपर्यंत गेली. एकेचाळीसही मापे खरी होती. बांधी गळत होती, कारण तिचा तळ माणूस पुरण्यासाठी फोडला होता.